भाजीच्या रसाला विरजण

सकाळी सहा-सव्वासहाला नाशिकमधल्या आमच्या भागातल्या जॉगिंग ट्रॅकच्या दारात रसाचा गाडा लागतो. दुधी, गाजर, बीट, कारलं, आवळा, गव्हांकुर. गाडेवाला मेहनती आणि बोलायला गोड. पिंपांवर झाकणं असतात, हातात मोजे असतात, ग्लास कागदी असतात. दोन वर्षं मी त्याच्याकडून रस घेत होते. मग एके दिवशी माझं लक्ष रस गाळायच्या फडक्याकडे गेलं. दुधीचा चोथा पिळला की तो फडकं पायाशी ठेवलेल्या बादलीत बुचकळायचा, झटकायचा आणि पुन्हा पिंपाच्या तोंडावर ताणायचा. बादलीतलं पाणी बीटाच्या रंगाचं झालं होतं, त्यात चोथ्याचे कण तरंगत होते. पहाटे पाचला भरलेली ती बादली आठ वाजेपर्यंत तशीच होती.

"दादा, भाज्या कापता कधी?" मी विचारलं.

"रात्रीच, ताई. पहाटे एवढं कुठलं होतंय? कापून, पिशव्या भरून फ्रिजात ठेवतो."

"आणि वीज गेली तर?"

"गेली तर गेली. येते की तासा-दोन तासांनी."

तीस वर्षं मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. त्या बादलीत काय असू शकतं ते मला पुरतं ठाऊक होतं. तरीही दोन वर्षं मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आरोग्यासाठी प्यायच्या वस्तूकडे संशयाने बघावं असं आपल्याला वाटतच नाही. वडापावच्या तेलाबद्दल आपण बोलतो, पाणीपुरीच्या पाण्याबद्दल बोलतो. दुधीच्या रसाबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो पिणारा माणूस स्वतःला शहाण्यांत मोजतो.

आमच्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या. त्यांच्यासाठी रोज बाटली भरून रस घरी यायचा. अर्धा सात वाजता, उरलेला अकराच्या सुमाराला. गेल्या मे महिन्यात जुलाब आणि तापाने त्यांना चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. कारण रसच होता असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध झालं नाही. सिद्ध होण्यासारखं काही उरलंच नव्हतं, बाटली आम्ही त्याच दिवशी घासून पालथी घातली होती. शहरात घराघरांत असंच होत असणार. पोट बिघडतं, आपण कालच्या भाजीला किंवा बाहेरच्या पाण्याला दोष देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रस पितो.

भाजीच्या रसाचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. अख्ख्या गाजराला साल असते, त्याचा ओलावा आणि साखर आत बंद असतात. सालीवर चार जंतू असले तरी त्यांना खायला फारसं काही मिळत नाही. गाजर मिक्सरमध्ये गेलं की पेशी फुटतात, साखर मोकळी होते, आणि साल, माती, पातं, भांडं यांवरचं सगळं त्यात एकजीव होतं. पन्नास गाजरांत एक खराब असेल तर कोशिंबिरीत ते एकाच्या ताटात जातं, रसात ते पन्नास जणांच्या ग्लासात जातं. त्यातून गाजराच्या रसाचा सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (पीएच), सहाच्या आसपास, बीटाचा आणि दुधीचाही साधारण तसाच. लिंबाचा दोन-अडीच, आवळ्याचा तीनच्या आगेमागे, टोमॅटोचा सव्वाचार-साडेचार. सामू जितका कमी तितकी आंबट वस्तू, आणि तितकं जंतूंना वाढणं कठीण. म्हणजे आपण ज्यांना 'पौष्टिक' म्हणून सर्वांत जास्त पितो, नेमके तेच रस जंतूंना सर्वांत मानवणारे.

ई. कोलायसारखा जंतू सोयीच्या उबेत वीस मिनिटांना दुप्पट होतो. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट झाला तर एकाचे वीस लाखांहून जास्त होतात. नाशिकच्या सकाळच्या हवेत हा वेग बराच कमी असतो हे खरं, पण एप्रिल-मेच्या दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बाटलीत तो कमी नसतो. आणि ई. कोलायच्या ओ157 नावाच्या घातक प्रकाराला माणूस आजारी पाडायला लाखोंची फौज लागत नाही, शंभराच्या आतले जंतूही पुरतात.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. जगाने याची किंमत मोजलेली आहे. 1996 साली अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि शेजारच्या कॅनडात न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून हाच ओ157 पसरला. 60हून जास्त लोक आजारी पडले, एक तान्हं मूल गेलं. सफरचंदाचा रस आंबट असतो, त्यात काही वाढत नाही असं तोवर मानलं जायचं. त्यानंतर 2001 मध्ये तिथे नियम आला की रस बनवणाऱ्याने रोगजंतू एक लाख पटींनी कमी करून दाखवले पाहिजेत, म्हणजे लाखाचा एक उरला पाहिजे. 2011 मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलायचा दुसरा एक प्रकार पसरला, चार हजारांच्या आसपास लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त दगावले. मोड आलेली मेथी! आपल्याकडे मधुमेह्याला पहिला सल्ला मिळतो तो तिचाच.

तिसरी घटना मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. 2006 मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात काही जणांना बाटलीबंद गाजराच्या रसातून बोट्युलिझम झाला. या आजारात जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडत जातात, श्वास थांबतो. तो रस कच्चा नव्हता, तापवलेला होता. तापवण्याने साधे जंतू मरतात, पण हा आजार आणणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली निजलेली रूपं, तगून राहतात. बाटली थंड राहिली नाही, आत हवा नव्हती, आंबटपणा नव्हता, आणि बाकीचे जंतू मेलेले असल्यामुळे स्पर्धेला कुणी नव्हतं. मोकळं रान मिळालं. हा जंतू सामू 4.6च्या खाली वाढू शकत नाही. गाजराचा रस त्या रेषेच्या कितीतरी वर असतो.

म्हणून "उकळून घ्या, झालं" एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. आणि इथेच चांगल्या जंतूंची गोष्ट सुरू होते.

मराठीत अन्न बिघडण्यासाठी किती शब्द आहेत बघा. नासणं, विटणं, बुरसणं, तार सुटणं, आंबूस येणं. आणि या सगळ्यांपासून वेगळा ठेवलेला 'आंबवणं'. दूध नासतं, पण त्याला विरजण लावलं की त्याचं दही होतं. दोन्ही ठिकाणी काम जंतूंचंच. फरक एवढाच की दुसऱ्या ठिकाणी कुणाला आधी घरात घ्यायचं ते आजीने ठरवलेलं असतं. चमचाभर विरजणात कोट्यवधी लॅक्टिक जंतू असतात. ते दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू खाली जातो, आणि नंतर येणाऱ्या घातक जंतूला तिथे वाढता येत नाही. ताक, आंबील, इडलीचं पीठ, उत्तरेकडची काळ्या गाजरांची कांजी, युरोपातली आंबवलेली कोबी, सगळ्यांत हीच रीत आहे. हे पदार्थ करणारी माणसं सूक्ष्मदर्शकाच्या आधी हजारो वर्षं जंतूंकडून जंतू आवरून घेत होती.

भाजीच्या रसाला असं विरजण लावता येतं का? येतं. जगभरच्या प्रयोगशाळांत यावर काम चालू आहे, आणि त्यात वारंवार येणारं एक नाव म्हणजे लॅक्टोबॅसिलस प्लांटारम. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव बदलून लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम केलं, तेव्हा माझे विद्यार्थी वैतागले होते. नावातच वनस्पती आहे, कारण हा जंतू पानांवर, लोणच्यात, आंबवलेल्या कोबीत मुळातच राहतो. दह्याचे जंतू दुधाला सरावलेले, याला मात्र भाजीतली साखर चालते. तो आम्ल तयार करतो. रोगजंतूंच्या तोंडचं अन्न आधी खाऊन टाकतो. त्याच्या काही जाती, म्हणजे वाण, बॅक्टेरिओसिन नावाची छोटी प्रथिनं सोडतात, जी लिस्टेरियासारख्या जंतूंच्या पापुद्र्याला भोकं पाडतात. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो, म्हणून त्याच्याविरुद्ध हे हत्यार मोलाचं.

शिकवत होते तेव्हा दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मी एक साधा प्रयोग करून घ्यायचे. गाजराच्या रसाच्या दोन बाटल्या. एकीत प्लांटारमचं कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जंतू, दुसरीत काही नाही. दोन्ही खोलीच्या तापमानाला ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी कल्चरच्या बाटलीतला सामू चारच्या आसपास उतरलेला असायचा, वास स्वच्छ आंबट, ताकासारखा. दुसऱ्या बाटलीचं काय होईल ते कधीच सांगता यायचं नाही. एखाद्या वर्षी तीही आंबट, एखाद्या वर्षी फुगलेली, झाकण उडवणारी, एकदा तर तिला अशी तार सुटली की मुली नाक धरून बाहेर पळाल्या. मला मुलांना दाखवायची असायची ती ही दुसरी बाटली. नुसता ठेवलेला रसही आंबतोच, पण कोण आंबवणार ते नशिबावर. विरजण लावणं म्हणजे ते नशिबावर न सोडणं.

यात आणखी एक गुण आहे, जो आपल्यासारख्या वीज येणाऱ्या-जाणाऱ्या देशात विशेष कामाचा. चार अंशांच्या थंडीत हे चांगले जंतू जवळजवळ निजून असतात. रसाची चव बदलत नाही, तो गोडच राहतो. पण फ्रिज बंद पडला, गाडी उन्हात अडकली, दुकानदाराने रात्री बटण बंद केलं, की रस तापतो आणि रोगजंतूंबरोबर हेही जागे होतात. संख्येने ते आधीच लाखो पटींनी जास्त. ते रस आंबवून टाकतात. गिऱ्हाईक बाटली उघडतं, आंबट लागते, ओतून देतं. रसायन घातलेली किंवा नुसती तापवलेली बाटली थंडी मोडल्याचं असं जिभेला सांगत नाही. बोट्युलिझमच्या विषाला तर ओळखू येण्यासारखी चव असेलच असं नाही. मला ही व्यवस्था फार सुंदर वाटते, तिच्यात रखवालदार आणि धोक्याची घंटा एकच आहे.

नाशिककरांना हे परकं वाटायचं कारण नाही. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागायतदाराला रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ट्रायकोडर्मा तो वर्षानुवर्षं मुळांशी घालतो, भुरी या द्राक्षाच्या रोगावर अॅम्पेलोमायसिस फवारतो. इथल्या वायनरीत यीस्टची पाकिटं जपून ठेवलेली असतात, आणि लाल वाईनचा तिखट आंबटपणा मऊ करायला लॅक्टिक जंतूच वापरतात. जंतू ही पाळायची, निवडायची, मोजायची वस्तू आहे हे ज्ञान या जिल्ह्यात आहे. ते बागेत आहे, कारखान्यात आहे. रसाच्या गाड्यापर्यंत मात्र आलेलं नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जंतू घातलेल्या, रसाची जाहिरात करते आहे. म्हणून आता माझा खरा मुद्दा.

हे जंतू शेवटचे रखवालदार आहेत. त्यांना पहिलं करून बाकीचे दरवाजे उघडे टाकले तर ते हरतील. त्यांना वेळ लागतो. सामू सहावरून चारवर यायला तासच्या तास जातात, आणि ई. कोलाय त्या तासांत स्वस्थ बसत नाही. सुरुवातीलाच रोगजंतू जास्त असतील तर आम्ल तयार होईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ओ157ची तर आंबटात तग धरण्याची ख्याती आहे. तो वाढत नाही, पण मरतही नाही, आणि थंडीत आठवडेच्या आठवडे टिकतो. 1996च्या सफरचंदाच्या रसाने हेच शिकवलं. बॅक्टेरिओसिन लिस्टेरियावर चालतात, पण ई. कोलाय आणि साल्मोनेलाभोवती एक जादा पापुद्रा असतो, त्यापुढे त्यांची मात्रा फारशी चालत नाही. कडू दुधीतल्या विषावर तर कुठल्याच जंतूचा उतारा नाही. ते विष दुधीनेच तयार केलेलं असतं. त्या रसाने माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला साधा होता: आधी फोडीची चव बघा, कडू लागली तर रस पिऊ नका.

म्हणजे बादलीतलं पाणी, कापायची फळी, फडकं, शेतातलं न कुजलेलं शेणखत, नाल्याच्या पाण्यावर वाढवलेली पालक-मेथी, या सगळ्यांची जबाबदारी जंतूंच्या अंगावर ढकलता येणार नाही. नाशिकची भाजी पहाटे मुंबईच्या बाजारात असते. गिरणारे, पिंपळगाव, दिंडोरी इथल्या मालावर लाखो घरं चालतात. या भाजीला मिळणारं पाणी स्वच्छ असणं ही कुठल्याही विरजणाआधीची गोष्ट आहे. गोदावरीत सांडपाणी सोडायचं आणि रसात प्रोबायोटिक घालायचं, हा व्यवहार मला मान्य नाही.

दुसरी काळजी मला 'प्रोबायोटिक' या शब्दाचीच वाटते. रस सुरक्षित ठेवणारा जंतू आणि पोटाला गुण देणारा जंतू, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी एकच जंतू दोन्ही कामं करतो, नेहमी नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी 2001 मध्ये ठरवलेली व्याख्या अशी की पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. 'जिवंत' आणि 'पुरेसे' हे त्यातले कळीचे शब्द. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमातही दिवसभराच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जंतू मागितले आहेत. बाटलीवर नुसतं 'प्रोबायोटिक' छापून जंतूचं नाव नाही, जात नाही, शेवटच्या तारखेला किती जिवंत राहतील ते नाही, तर तो शब्द छापू देऊ नये. आवळ्याच्या तीन सामूच्या रसात घातलेले बरेच जंतू गिऱ्हाइकाच्या हातात पोचेपर्यंत मेलेले असतात. त्यांच्या नावाने चाळीस रुपये जास्त घेणं ही फसवणूक आहे.

जात सांगणं का महत्त्वाचं, त्याची दोन उदाहरणं देते. ओडिशातल्या गावांमध्ये साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर झालेला एक मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्लांटारमची एक ठरावीक जात, सोबत तिचं खाद्य म्हणून एक साखर, बाळांना आठवडाभर दिली. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून जे प्रमाण दुसऱ्या गटात 9 टक्के होतं, ते या गटात साडेपाच टक्क्यांच्याही खाली आलं. आपल्या देशातल्या गरीब घरांमध्ये झालेलं हे काम वाचताना माझे डोळे भरून आले होते. आणि 2008 मध्ये नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र आजाराच्या रुग्णांना वेगळ्या जंतूंचं मिश्रण दिलं गेलं, तेव्हा ते घेणाऱ्या 152 पैकी 24 रुग्ण दगावले, न घेणाऱ्या 144 पैकी 9. दोन्हीकडे शब्द 'प्रोबायोटिक'च. अतिदक्षता विभागातला रुग्ण, केमोथेरपी चालू असलेला माणूस, अवयव बदललेला माणूस यांना कुणी 'नैसर्गिकच आहे, घ्या' म्हणून जिवंत जंतूंचा रस देऊ नये. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कच्चा रस तर त्यांनी घेऊच नये.

माझ्याशी सर्वांत जोरात वाद घालतात ते 'कच्चं, ताजं, काहीही न घातलेलं' याचे भक्त. त्यांच्यात माझ्या जवळच्या मैत्रिणी आहेत, म्हणून मी त्यांचं म्हणणं नीट ऐकलं आहे. त्यांचं म्हणणं असं की रस तापवला की जीवनसत्त्वं जातात, आणि त्यात जंतू घातले की तो ताजा राहिला नाही. पहिल्यात तथ्य आहे, क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. आंबवताना तापवावं लागत नाही, तेव्हा ही तक्रार विरजणाच्या बाजूनेच जाते. दुसऱ्याला माझं उत्तर असं, की ताजं म्हणजे काय ते आपण ठरवू या. तुमच्या डोळ्यांसमोर धुतलेली, कापलेली, काढलेली आणि तिथेच उभ्याने प्यायलेली वस्तू ताजी. रात्री कापलेली, पहाटे काढलेली, बाटलीत भरलेली आणि अकराला कार्यालयात उघडलेली वस्तू ताजी नाही. ती साठवलेली आहे. आणि साठवायच्या वस्तूला काहीतरी राखण लागतेच. उष्णता, आम्ल, मीठ, थंडी, किंवा पाळीव जंतू. यांपैकी एकही नको म्हणणं म्हणजे राखणच नको म्हणणं.

नियम करायचा तर याच रेषेवर करावा असं माझं ठाम मत आहे. समोर काढून समोर दिला जाणारा रस एका बाजूला. त्यासाठी स्वच्छ वाहतं पाणी, धुता येणारी स्टीलची गाळणी आणि सकाळी कापलेली भाजी एवढंच मागावं, पण ते खरोखर तपासावं. बाटलीत भरून विकला जाणारा, घरपोच जाणारा भाजीचा रस दुसऱ्या बाजूला. तो एकतर आम्लाने किंवा सिद्ध झालेल्या कल्चरने 4.6च्या पुरेसा खाली आणलेला असावा, किंवा रोगजंतू मारणारी प्रक्रिया केलेला, आणि त्यातही कल्चरची जादा राखण ठेवलेला. बाटलीवर तयार केल्याची तारीखच काय, वेळही असावी.

परवडणार कुणाला, असं लगेच विचारलं जाईल. मोठ्या कंपन्यांकडे प्रचंड दाबाखाली रस निर्जंतुक करणारी यंत्रं आहेत, त्यांची किंमत कोटींत असते. गाडेवाल्याला किंवा बचत गटाच्या बायकांना ती कधीच परवडणार नाहीत. विरजण परवडेल. याचसाठी मी या मार्गाच्या बाजूने बोलते आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे ओळख पटलेले, नाव-गाव असलेले जंतू जपलेले आहेत. अशा खात्रीच्या जातीवर आपल्याकडच्या गाजर, बीट, दुधीत काम करून पाहावं आणि ट्रायकोडर्मासारखी तिची पाकिटं तालुक्याच्या ठिकाणी मिळावीत, सोबत सामू मोजायच्या पट्ट्या आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण. घरच्या दह्याचं विरजण रसात ढवळून 'प्रोबायोटिक' म्हणून विकणं मात्र कुणी सुरू करू नये. ते दुधाचे जंतू आहेत, रसात ते वेळेत आम्ल तयार करतील याची खात्री नाही.

आणि नाशिकला जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. 2010 मध्ये युरोपने आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशापायी अडवली, तेव्हा या जिल्ह्यातल्या कितीतरी बागायतदारांचं वर्ष बुडालं. त्या फटक्यातून आपण शिकलो. आज युरोपला जाणारी द्राक्षाची पेटी कुठल्या गावातल्या कुठल्या नोंदणीकृत बागेतली, अंश तपासणीत काय निघालं, हे कागदावर सापडतं. परदेशातल्या मुलासाठी आपण हे केलं. आपल्या मुलाच्या ग्लासातलं गाजर कुठल्या पाण्यावर वाढलं, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. 2027 मध्ये सिंहस्थ आहे. लाखो माणसं येतील, तहानलेली येतील, रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरपर्यंत रस-सरबताचे गाडे लागतील. रस्ते, घाट, पूल यांची चर्चा रोज होते. गाड्यांवरच्या पाण्याची, बर्फाची, फडक्यांची चर्चा आजपासून झाली तर वर्षभरात शिकवून तयार करता येतील इतकेच विक्रेते आहेत.

मी माझ्यापुरती सुरुवात केली. गेल्या आठवड्यात गाडेवाल्याकडे सामूच्या पट्ट्यांची डबी घेऊन गेले. गर्दी ओसरली होती. गाजराचा आणि बीटाचा रंग पट्टीला लागतो, काही कळत नाही, म्हणून दुधीचा रस घेतला. पट्टी पिवळी झाली. मग आवळ्याच्या रसात दुसरी बुडवली, ती लालसर नारिंगी. डबीवरच्या रंगांशी लावून त्याने दोन्ही नीट पाहिल्या. 4.6ची गोष्ट मी सांगितली, तो ऐकत होता.

"मग ताई, दुधीतच आवळा घातला तर?"

"वाढणारे थांबतील. असलेले लगेच मरणार नाहीत. त्यासाठी आधी पाणी बदलायला लागेल."

त्याने बादलीकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या नळाकडे. गाळायचं फडकं काढून बाजूला टाकलं, एका ग्लासात दुधीचा रस घेतला आणि चमच्याने त्यात आवळा सोडायला लागला. दोन चमचे, तीन. प्रत्येक वेळी नवी पट्टी. चौथ्या चमच्याला पिवळा रंग मोडून नारिंगी यायला लागला, तसा तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अजून एक घालून बघू, चव काय होते ते."